वेणी घालणारे हात

बंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर येलहंका लागते. हवाई दलाचा तळ आणि रेल्वेची चाके बनविणारा कारखाना यांमुळे हे उपनगर सर्वांना ठाऊक आहे. शहराच्या अशा कडेच्या भागांत ख्रिस्ती संस्थांची लहान-मोठी बालगृहेही चालतात. तेथे काही आठवडे किंवा काही महिने सेवा करायला परदेशी तरुण-तरुणी येतात.

येताना त्यांच्या सामानात गिटार असते, रंगपेट्या असतात. बालगृहाचा दिवस मात्र पाण्याच्या बादल्यांनी सुरू होतो. धाकट्यांना आंघोळ घालायची, केस विंचरून वेण्या घालायच्या, रिबिनी बांधायच्या, उप्पिटाच्या ताटल्या मांडायच्या. प्रार्थना झाली की शाळेची गडबड. मुले गेली की कपडे, तांदूळ निवडणे, तुटलेली बटणे. संध्याकाळी गृहपाठ, आणि तोही बहुधा कन्नडमध्ये! मग पाहुणी ताईच मुलांकडून मुळाक्षरे शिकते. आठवडाभरात ती त्यांची ‘अक्का’ होते.

या कामाची थोरवी आणि त्याची कसोटी, दोन्ही एका आयरिश बाईंच्या आयुष्यात दिसतात. एमी कारमायकेल १८९५ मध्ये बंगळुरूला उतरल्या, त्या तापाने फणफणलेल्या अवस्थेत. पुढे त्या तिरुनेलवेली भागात गेल्या. १९०१ मध्ये देवळाला वाहिली जाणारी एक लहान मुलगी पळून त्यांच्या आश्रयाला आली आणि त्यातून दोहनावूरचे बालगृह उभे राहिले. गावोगावी धर्मप्रचार करणाऱ्या एमींच्या हाती आता दुधाच्या बाटल्या आणि लंगोट आले. आपण नुसत्या दाई होऊन बसलो की काय, असा प्रश्न त्यांनाही पडला. पण त्यांनी तेच काम धरले. मुले त्यांना ‘अम्मा’ म्हणत. १९५१ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पंचावन्न वर्षांत त्या एकदाही मायदेशी परतल्या नाहीत.

आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगावचेही उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचविलेल्या मुली आल्या, तेव्हा मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८९८ मध्ये मदतीला आली आणि अनेक वर्षे राहिली. शिकवणे, आजारपण, शेती, छापखाना अशी कामे तेथे रोजचीच होती.

त्या राहिल्या, हे महत्त्वाचे. ज्या मुलाला एकदा घर सोडावे लागले, ते मूल नव्या माणसाला चटकन बिलगते. पाहणाऱ्याला वाटते, किती लाघवी! पण तीन आठवड्यांनी अक्का विमानात बसते, पुढच्या महिन्यात दुसरी येते, आणि मुलाला पुन्हा पुन्हा तोच निरोप सोसावा लागतो. शिवाय पाहुण्यांची देणगी मिळावी म्हणून आईबाप असलेल्या मुलांनाही संस्थेत ठेवण्याचे प्रकार जगात उघड झाले आहेत. म्हणूनच २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे लक्ष वेधले.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. मुलाला दाखल करण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. मुलाची ओळख उघड होईल असे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तेव्हा आपली मुलगी किंवा मुलगा देशात वा परदेशात अशा सेवेला निघाला, तर चार गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. संस्था नोंदलेली आहे का? येणाऱ्या स्वयंसेवकाची चौकशी होते का? मुलांजवळ कायमची सांभाळणारी माणसे किती आहेत? मुलांना आपल्या नातेवाइकांकडे परत पाठविण्याचा प्रयत्न होतो का? या प्रश्नांनी चांगली संस्था रागावत नाही.

मुक्काम थोडा असेल तर मुलांची आई होऊ नये, त्यांना सांभाळणाऱ्या बाईंचा उजवा हात व्हावे. धान्य निवडावे, भिंतींना रंग द्यावा, हिशेब लिहावेत, त्या बाईंना दोन तास झोप मिळू द्यावी. वेणी त्यांच्याच हातची असू द्यावी, कारण उद्या सकाळीही त्याच तेथे असणार आहेत.

आणि ज्यांना जवळच्या बालगृहात दर रविवारी एक तास, पण वर्षानुवर्षे देता येईल, त्यांनी दूर जाण्याची वाट पाहू नये.