भारताच्या पहिल्या ऑलिंपिक पथकातील हुबळीचा धावपटू

भारताचे पहिले ऑलिंपिक पथक १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे गेले. त्यात अवघे सहा खेळाडू होते व त्यांपैकी एक हुबळीचा होता, ही गोष्ट आज हुबळी-धारवाडमध्येही फारशी कोणाच्या स्मरणात नाही. (१९०० साली पॅरिस येथे दोन रौप्यपदके मिळविणारे नॉर्मन प्रिचर्ड एकटेच उतरले होते, ते पथक नव्हे.)

या पथकाचा उगम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाला. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या क्रीडामेळाव्याचे अध्यक्षस्थान १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी भूषविले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे पुष्कळसे शेतकरी होते. पायांत जोडे नाहीत, रीतसर शिक्षण नाही. तरीही त्यांची वेळ युरोपीय धावपटूंच्या जवळपास जाणारी होती, हे टाटांच्या ध्यानी आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या साहाय्याने भारताचा ऑलिंपिक प्रवेश निश्चित झाला. त्या काळी नियमांची माहिती किती तुटपुंजी होती, याची एक आख्यायिका सांगितली जाते. शंभर मीटरच्या शर्यतीस किती वेळ लागावा, असे विचारता जिमखान्याच्या एका जबाबदार गृहस्थांनी उत्तर दिले, ‘एक-दोन मिनिटे!’

धावपटूंमध्ये बंगालचे पूर्मा बॅनर्जी, साताऱ्याचे सदाशिव दातार, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि हुबळीचे कैकाडी यांची निवड झाली. कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. बेळगाव व हुबळी १९५६ पर्यंत मुंबईच्याच राज्यकारभारात असल्याने तेथील तरुणांना पुण्याचे मैदान परके नव्हते.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक लांबीची होती. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन विजयी झाले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे स्थान मिळविले. अनवाणी सरावलेल्या धावपटूची ही कामगिरी सामान्य नव्हे. शिंदे यांचे कांस्यपदक एका कुस्तीने हुकले.

कैकाडी यांचे नाव ५,००० व १०,००० मीटरच्या शर्यतींसाठी होते. मात्र धावपट्टीवर एकाही भारतीयास प्राथमिक फेरी ओलांडता आली नाही. जिंकणाऱ्यांच्या कथा उरतात. कैकाडी यांचा परिचय मात्र बहुधा ‘हुबळीचे’ या एका शब्दावरच संपतो. त्यांच्या पथकाने पाडलेल्या वाटेनेच पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.