विद्युत् रोध व शक्ती यांचे गणन

विद्युत् मंडलाच्या एखाद्या भागाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब आणि त्या भागातून वाहणारा प्रवाह ही दोन मापे माहीत असल्यास त्या भागाचा रोध व त्यात खर्च होणारी शक्ती काढता येते. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहममध्ये आणि शक्ती वॉटमध्ये मिळते. दाबासाठी ‘दा’, प्रवाहासाठी ‘प्र’, रोधासाठी ‘रो’ व शक्तीसाठी ‘श’ ही चिन्हे घेतल्यास,

रो = दा ÷ प्र ; श = दा × प्र

ही मूळ सूत्रे होत. त्यांवरून श = प्र × प्र × रो हे तिसरे सूत्र निघते. पहिल्या सूत्रामागील नियम जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ख झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. प्रवाहामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कट ज्यूल (१८१८–८९) यांनी १८४१ मध्ये प्रयोगांनी दाखविले. तिसरे सूत्र याच निष्कर्षाचे गणिती रूप होय.

मापन : व्होल्टमापक उपकरणाच्या दोन टोकांना अनेकसरीत व अँपिअरमापक मंडलात एकसरीत जोडतात. समजा, पाणी तापविण्याच्या उपकरणास २३० व्होल्ट दाब असताना ४ अँपिअर प्रवाह मिळतो. त्याचा रोध ५७·५ ओहम व शक्ती ९२० वॉट होईल. ते एक तास चालल्यास ०·९२ किलोवॉट-तास म्हणजे ०·९२ युनिट ऊर्जा खर्च होईल. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरल्यास (रोध तोच राहतो असे मानून) प्रवाह सु. ३·५ अँपिअर व शक्ती सु. ६९६ वॉट होते. दाबातील घट १३ टक्के, तर शक्तीतील घट सु. २४ टक्के आहे.

चलित्राची गोष्ट वेगळी : पालघर जिल्ह्यातील (जिल्ह्याची निर्मिती २०१४) वसई तालुक्यात भुईगाव हे अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील गाव आहे. या किनारपट्टीतील भाजीपाला, केळी व फुले यांच्या वाड्यांना विहिरी व बावखले यांचे पाणी मिळत आले आहे. पूर्वी विहिरीवर बैलांचा रहाट असे. पुढे त्याची जागा पंपाने घेतली. पंपाचे चलित्र प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते, म्हणून वरील सूत्रे त्यास जशीच्या तशी लावता येत नाहीत.

समजा, एका वाडीतील एक अश्वशक्तीचे चलित्र २३० व्होल्ट दाबाला ७ अँपिअर प्रवाह घेते. दाब व प्रवाह यांचा गुणाकार १,६१० येतो. परंतु शक्तिगुणक ०·८ असल्यास खरी शक्ती १,२८८ वॉटच असते. दाबास प्रवाहाने भागून येणारे सु. ३३ ओहम हे मूल्य रोध नसून संरोध होय. गुंडाळीचा खरा रोध काढण्यासाठी चलित्र पुरवठ्यापासून पूर्णपणे तोडून गुंडाळीतून विद्युत् घटाचा एकदिश प्रवाह सोडतात. ६ व्होल्ट दाबाने ३ अँपिअर प्रवाह वाहिल्यास रोध २ ओहम होय. ७ अँपिअर प्रवाहाने या गुंडाळीत ९८ वॉट उष्णता निर्माण होईल. दाब उतरला असता भार पेलण्यासाठी चलित्र अधिक प्रवाह घेते. तो ९ अँपिअर झाल्यास उष्णता १६२ वॉट होईल. तापविण्याचे उपकरण कमी दाबाला थंड पडते, पण चलित्र अधिक तापते व त्याची गुंडाळी जळते, ते यामुळे.

तारांतील घट : तांब्याच्या १ चौ. मिमी. छेदाच्या व १ मी. लांबीच्या तारेचा रोध २०° से. तापमानास सु. ०·०१७२ ओहम असतो. मापक घरी व विहीर १०० मी. दूर असल्यास जाण्यायेण्याची तार २०० मी. लागते. १·५ चौ. मिमी. छेदाच्या तारेचा रोध सु. २·३ ओहम होतो. ७ अँपिअर प्रवाहास सु. १६ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो व ११२ वॉट शक्ती वाया जाते. छेद ४ चौ. मिमी. घेतल्यास हे आकडे सु. ६ व्होल्ट व ४२ वॉट होतात. वर्षात १,००० तास पंप चालल्यास जाड तारेने ७० युनिटे वाचतात. चलित्र सुरू होताना प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो; तो २५ अँपिअर धरल्यास बारीक तारेत सु. ५७ व्होल्ट घट येते. चलित्राचे प्रारंभीचे परिबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते पूर्ण दाबास मिळणाऱ्या परिबलाच्या सु. ५७ टक्केच उरते. चलित्र केवळ गुणगुणते, फिरत नाही. म्हणून दाब मोजावयाचा तो घरच्या फलकापाशी नव्हे, तर पंप चालू असताना त्याच्या अग्रांशी.

खाऱ्या हवेत तारांचे सांधे गंजतात. एखाद्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तरी ७ अँपिअर प्रवाहाने तेथे सु. २५ वॉट उष्णता एवढ्याशा जागेत साठते आणि निरोधक आवरण वितळू शकते.

सुरक्षितता : हेच सूत्र मानवी शरीरासही लागू पडते. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध सु. १,००० ओहम धरल्यास २३० व्होल्ट दाबाने ०·२३ अँपिअर प्रवाह वाहतो व तो प्राणघातक ठरू शकतो. सर्वसाधारण वितळतार मात्र एवढ्या प्रवाहास वितळत नाही. ती तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. भूसंपर्क असला, तरी कोरड्या वाळूत त्याचा रोध वाढतो. तो २० ओहम असल्यास चलित्राच्या कवचाला पुरवठ्याची तार टेकूनही ११·५ अँपिअरच प्रवाह वाहतो, १६ अँपिअरची वितळतार शाबूत राहते आणि कवचावर घातक दाब टिकून राहतो. यासाठी चांगल्या भूसंपर्काबरोबरच ०·०३ अँपिअर गळतीस मंडल तोडणारा स्वयंचलित खंडक पंपाच्या मंडलात बसविणे आवश्यक आहे.