फायबरचा कारखाना : साच्याआधी नगांचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरील मासेमारीची होडी, वीजमीटरची पेटी, माळावर फिरणाऱ्या पवनचक्कीचे पाते आणि बोइंग ७८७ विमानाचा सांगाडा या वस्तू एकाच कुळातील आहेत, असे सांगितल्यास सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही. तंतू आणि रेझिन यांच्या संयोगातून घडणाऱ्या या पदार्थास शास्त्रात तंतुप्रबलित संमिश्र म्हणतात. बाजारात त्यास सरसकट ‘फायबर’ हे नाव पडले आहे. यात भार सोसतात ते तंतू, आणि त्यांना जागेवर धरून ठेवते ते रेझिन. मात्र या वस्तू बनविण्याच्या रीती अगदी भिन्न आहेत. व्यापारी घराण्यातील तरुण दुकानाच्या जोडीला फायबरचा कारखाना काढू पाहतो, तेव्हा त्याच्या नफ्यातोट्याचा निर्णय पुष्कळदा या रीतीच्या निवडीतच होऊन जातो.

सर्वांत सोपी रीत हाताची. साच्यास मेण लावून त्यावर रंगीत जेलकोटचा थर द्यावयाचा, काचतंतूंची मॅट अंथरावयाची, ब्रशने रेझिन पाजावयाचे आणि रोलर फिरवून आतील हवा काढावयाची. साचाही फायबरचाच असल्याने भांडवल थोडे लागते. होडीसारख्या मोठ्या व मोजक्या नगांच्या वस्तूस ही रीत आजही योग्य ठरते. परंतु वस्तूची एकच बाजू गुळगुळीत निघते, एका साच्यातून दिवसाकाठी एखाददुसराच नग मिळतो आणि जाडी कारागिराच्या हातावर अवलंबून राहते. शिवाय रेझिनमधील स्टायरीनची वाफ कामगारांच्या श्वासात जाते. हवा खेळती ठेवणे व मुखवटे पुरविणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. कोबाल्टचा त्वरक व पेरॉक्साइडचा उत्प्रेरक तर कधीही थेट एकत्र मिसळू नयेत. त्यातून आग वा स्फोट होऊ शकतो.

दुसरे टोक प्रेसचे. तंतू व रेझिनचा लगदा मिळून तयार केलेले, एसएमसी नावाने ओळखले जाणारे तक्ते पोलादी डायमध्ये सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानास दाबले जातात. काही मिनिटांत नग बाहेर पडतो. दोन्ही बाजू स्वच्छ आणि प्रत्येक नग सारखा. वीजमीटरच्या अनेक पेट्या अशाच बनतात. मात्र डाय आणि प्रेस यांत मोठी रक्कम अडकते.

या दोहोंची तुलना साध्या हिशेबाने करता येते. समजा, एका वस्तूचा हातकामाचा साचा ५० हजार रुपयांस पडतो व प्रत्येक नगास १,२०० रुपये खर्च येतो. त्याच वस्तूची पोलादी डाय २० लाख ५० हजारांची असून प्रतिनग खर्च ८०० रुपये आहे. साच्यांतील फरक २० लाखांचा, नगामागील बचत ४०० रुपयांची. म्हणजे ५,००० नग खपेपर्यंत हातकामच स्वस्त. प्रेसची किंमत व कर्जावरील व्याज धरल्यास हा आकडा आणखी वर जातो. आणि गिऱ्हाइकाने मध्येच नमुना बदलला, तर डायची किंमत लोखंडाच्या भंगाराइतकीच उरते.

मोठ्या उद्योगांनाही हा हिशेब चुकलेला नाही. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही मोटार काचतंतूंच्या बॉडीसह बाजारात आणली. त्या वर्षी केवळ ३०० गाड्या बांधल्या गेल्या. एवढ्या नगांसाठी पोलादी पत्र्याच्या डाय करणे परवडण्याजोगे नव्हते. पुढे खप वर्षाला हजारोंवर गेला आणि १९७०च्या दशकात त्याच मोटारीच्या बॉडीसाठी एसएमसीची रीत आली.

या दोन टोकांमध्ये आकारानुसार अन्य रीती येतात. सलग एकाच छेदाच्या पट्ट्या, शिडीचे दांडे किंवा केबल ट्रे यांसाठी रेझिनमध्ये भिजलेले तंतू तापलेल्या डायमधून ओढून काढतात, ती पल्ट्रुजन. नळ व गोल टाक्यांसाठी तंतू फिरत्या साच्यावर गुंडाळतात. पवनचक्कीच्या पात्यांसाठी कोरडे तंतू मांडून निर्वाताने रेझिन आत खेचतात. यात वाफही कमी पसरते. विमानासाठी आधीच रेझिन पाजलेले कार्बन तंतू बहुधा दाबाच्या भट्टीत पक्के करतात. बोइंग ७८७च्या सांगाड्याचे जवळजवळ निम्मे वजन अशा संमिश्रांचे आहे, आणि त्याच्या मजल्याच्या तुळया नागपूरच्या मिहानमध्येही घडल्या आहेत.

तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असावीत : वर्षाला किती नग, किती वर्षांची लेखी मागणी, वस्तूवर भार किती, आणि नमुना बदलल्यास डायचा खर्च कोणाचा? जो कारखाना न काढता केवळ माल विकतो, त्याच्यासाठीही एक कसोटी आहे. काचतंतूंच्या मालाचा लहान तुकडा प्रयोगशाळेत वजन करून भट्टीत जाळला की रेझिन जळून जाते व काच मागे राहते. तंतूंचे प्रमाण किती आणि स्वस्त भुकटी किती भरली, हे त्यातून उघड होते. वरचा रंग सर्वांचाच चकाकतो. शिडीवर चढणाऱ्या माणसाचा भार मात्र आतील तंतूंनाच पेलावा लागतो, आणि त्या मालाची हमी विकणाऱ्याच्या नावावर असते.