हाताला पट्टी, पट्टीला पुरावा

कामगारांत वावरणाऱ्या माणसाने वैद्यकावर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण ज्याचे हातावर पोट, त्याचा हात लुळा पडला म्हणजे तो प्रश्न आमचाही होतो. माझ्या एका सोबत्याला अर्धांगवायू झाला. महिनाभर तो रात्री मनगटाला आधारपट्टी बांधून निजे. ‘याने गुण येतो कशावरून?’ असे त्याने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘अशीच पद्धत आहे.’

असा हात पुन्हा कामाला लावणारी विद्या म्हणजे व्यवसायोपचार. आपल्या देशात तिचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केले. विद्या थोर खरी. पण थोर विद्येतही वहिवाट शिरते.

त्या पट्टीचेच पाहा. ऑस्ट्रेलियात ६३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट पाडले. दोन गटांना दोन तऱ्हेच्या पट्ट्या, तिसऱ्याला पट्टीच नाही. चार आठवड्यांनी तपासले, तो पट्टीने मनगटाचे आखडणे कमी झालेले नव्हते. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. उलट, अमेरिकेतील सात संस्थांनी मिळून २२२ रुग्णांवर दुसरा उपाय पारखला. चांगला हात मोज्यात अडकवला आणि थोडी हालचाल उरलेल्या हाताकडून दोन आठवडे कसून सराव करवला. त्याचा लाभ वर्षानंतरही टिकल्याचे २००६ साली दिसून आले.

असा पडताळा एकट्यादुकट्याचे काम नव्हे. रुग्णालयाकडे रुग्ण आहेत, पण सवड नाही; विद्यापीठाकडे ग्रंथालय आहे, संख्याशास्त्रज्ञ आहेत, पण रुग्ण नाहीत. दोघांची सांगड हवी. ऑस्ट्रेलियातील दोन विद्यापीठांच्या मंडळींनी २००३ साली ‘ओटीसीकर’ ही सूची सुरू केली. व्यवसायोपचारातील चाचण्या तिच्यात एकत्र केल्या आणि कोणती किती भरवशाची, याचीही नोंद ठेवली. अशा साधनांच्या आधारे उपचारकाला शिकवायचे ते इतकेच : प्रश्न नेमका मांडा, पुरावा शोधा, तो पारखा, रुग्णाशी बोलून वापरा आणि गुण आला की नाही ते मोजा.

यात अनुभव टाकून द्यायचा नाही. डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली स्पष्टच केले, की पुराव्याला उपचारकाच्या अनुभवाची आणि रुग्णाच्या इच्छेची जोड हवी.

रोजंदारीच्या माणसाचे चार आठवडे म्हणजे चार आठवड्यांची चूल. ते वाया जाऊ नयेत, म्हणून ‘कशावरून?’ हा प्रश्न त्याने निःसंकोच विचारावा, आणि उपचारकालाही त्याचे उत्तर देता यावे.