वृद्धाश्रमात माणूस ठेवताना

वृद्धाश्रमात सेवक ठेवताना संचालक सहसा दोनच गोष्टी पाहतात: माणूस कोणाच्या ओळखीचा आहे आणि पगार किती मागतो. मुलं पुण्या-नागपूरला राहतात म्हणून दर्यापुरातल्या घरी आईसाठी मदतनीस ठेवणारेही तेच करतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आंघोळ, डायपर, कपडे ही सगळी कामं बंद दाराआडची. लैंगिक गुन्हा केलेला माणूस त्या दारापर्यंत पोचू नये, याची तजवीज आधीच करावी लागते.

पहिली पायरी पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची. अर्ज ऑनलाइन होतो, चौकशी राहत्या पत्त्याच्या ठाण्यामार्फत होते. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरची अडचण सीमेची आहे. मूर्तिजापूर आणि अकोट जवळच, पण जिल्हा अकोला. तिथला माणूस इथे कामाला येणं रोजचंच. म्हणून आजच्या पत्त्यावर भागवू नये, याआधी तो जिथे जिथे राहिला ते सगळे पत्ते अर्जात लिहून घ्यावेत. जुन्या मालकाला फोन करून ‘कसा होता?’ असं विचारलं तर ‘चांगला होता’ एवढंच ऐकू येतं. ‘पुन्हा ठेवाल का?’ हे विचारावं.

गंमत अशी की फाटकावरचा रखवालदार एजन्सीचा असेल, तर २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने त्याची पडताळणी बंधनकारक आहे. घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोंसाठी तसा देशपातळीवरचा कायदा नाही.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. अमेरिकेत अशा याद्या कोणालाही पाहता येतात. आपल्याकडची फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणांसाठी आहे. म्हणजे संस्थेला पोलिसांमार्फतच जावं लागतं. आणि नोंदवहीत तोच येतो, ज्याच्यावर तसा गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ला परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. अशा माणसाचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या कुठल्या यादीत सापडणार?

म्हणून माझ्या मते पोलिसांच्या दाखल्यापेक्षा ड्युटीचा तक्ता महत्त्वाचा. बाईची आंघोळ बाईनेच घालावी, आणि शक्य तिथे दोघींनी मिळून. रात्रपाळीला एकटा माणूस नको. कोण कोणाच्या खोलीत किती वाजता गेलं, याची वहीत नोंद हवी. कॅमेरा वऱ्हांड्यात लावावा. खोलीत किंवा न्हाणीघरात लावला तर तोच नवा धोका. धोका सोबतच्या रहिवाशाकडूनही असतो. जुना गुन्हा असलेल्या म्हाताऱ्याला आसरा द्यायचा झाला, तर वेगळी खोली आणि सततची नजर ठेवूनच.

सगळ्यात आधी मोडते ती तक्रारीची वाट. आंघोळीची वेळ झाली की आजी थरथरतात, एका ठरावीक माणसाला पाहून तोंड फिरवतात, मांडीवर वळ दिसतो. आणि ‘बुढीच्या बोलण्याचं काय धरता’ म्हणून विषय संपतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तारीख सांगता येत नाही, पण भीती खरी असते. तक्रार फक्त संचालकामार्फतच जाऊ नये, यासाठी बाहेरच्या कोणीतरी, नातेवाईक असो की डॉक्टर, अचानक यावं आणि रहिवाशांशी एकट्यात बोलावं.

संशय आला तर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदात गुंडाळून ठेवावेत. ११२ला फोन करावा. वृद्धांच्या पोटगीच्या तक्रारींसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण असतं, पण हे काम पोलीस ठाण्याचंच. कुठलंही ठाणं हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारू शकत नाही. पीडित महिला अपंग असेल तर पोलिसांनी तिच्या राहत्या जागी येऊन जबाब नोंदवायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. खासगी दवाखान्यानेही प्रथमोपचार मोफत द्यायचे असतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केलेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे.

मात्र बलात्काराचं हे कलम स्त्रियांपुरतं. जुन्या दंड संहितेतलं अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ नव्या संहितेत नाही, त्यामुळे आजोबांवर अत्याचार झाला तर पोलिसांना दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांवरच भागवावं लागतं. आजोबांच्या न्हाणीघरासाठीही तक्त्यात दोन नावं लिहावीत, ती यासाठी.