चहातून द्यायची पुडी

गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, चहातून द्यायची पुडी मिळते म्हणे. त्याला कळत पण नाही आणि दारू सुटते. द्यावी का?" आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. देऊ नका. का देऊ नका, ते समजायला मात्र थोडं डोक्याच्या आत डोकवावं लागेल.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी असतात. त्या शेजारी शेजारी असल्या तरी दोघींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. एकीला दुसरीकडे निरोप धाडायचा तर त्या फटीत किंचित रसायन सोडावं लागतं. डोपामिन, सेरोटोनिन, गाबा ही अशा काही निरोप्यांची नावं. नावं विसरलात तरी चालेल, त्यांचं काम लक्षात ठेवा.

डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात. आम्हाला विचाराल तर ते ओढीचं रसायन आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. आधी दिवा लागायचा, मग माकडाला फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला रस तोंडात पडला की डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या. सवय झाल्यावर त्या नुसता दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही गप्प पडायच्या.

आता आपल्या घरात बघा. दारू पोटात जायच्या आधीच, संध्याकाळ झाली, दोस्ताची हाक आली, की माणूस अस्वस्थ होतो. तो त्याचा दिवा. आणि फक्त नवऱ्यांकडे बोट दाखवायला नको. मिश्री भाजल्याचा वास आला की आपलाही हात डबीकडे जातोच ना? मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं, आणि याच ओढीच्या पेशींना ढोसतं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय डोकं चालत नाही असं जिला वाटतं, तिला व्यसन म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरज नाही.

दारू आणखी एक काम करते. मेंदूत धावपळ वाढवणारे निरोप असतात तसे आवरणारेही असतात, गाडीच्या ब्रेकसारखे. गाबा हा ब्रेक. दारू हा ब्रेक दाबते, म्हणून सुरुवातीला निवांत वाटतं. रोजच दारू येऊ लागली की मेंदू तोल सांभाळायला स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि वेग वाढवतो. म्हणून पहिल्याइतकीच नशा यायला जास्त प्यावी लागते. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर काय होईल? ब्रेक सैल, वेग जोरात. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, दिवस की रात्र तेही कळत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि त्याला भगताकडे नेतात. मैत्रिणींनो, तिथे गेलेला वेळ जिवावर बेततो. ही दवाखान्यात भरती करायची अवस्था आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवायला जाऊ नका. डॉक्टर काही दिवस औषध देऊन ब्रेक हळूहळू जागेवर आणतात, ब-१ जीवनसत्त्वही देतात.

आता मनाच्या उदासीकडे येऊ. यात आपल्या सर्पगंधेची एक गोष्ट आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की या वनस्पतीच्या मुळीने रक्तदाब उतरतो. पुढे तिच्यातला रेसरपिन हा घटक जगभर वापरात आला. मग असं दिसलं की ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात. रेसरपिन मेंदूतला सेरोटोनिनसारख्या निरोप्यांचा साठा रिकामा करतं, हेही कळलं. रसायनांचा आणि मनःस्थितीचा संबंध शोधायला यातून मोठा जोर मिळाला.

पण भाजीत मीठ कमी पडलं, घाला चिमूटभर, इतकं ते सोपं नाही. उदासीच्या गोळीने सेरोटोनिन काही तासांतच वाढतं, तरी मन सावरायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. तेवढ्यात मेंदू आपली घडी हळूहळू बदलत असतो. शिवाय कर्ज, मारहाण, बाळंतपण, घरातला मृत्यू यांचाही वाटा असतो. म्हणून आठ दिवसांत गुण नाही म्हणून गोळी टाकून देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, तर ते आळस किंवा नखरे नव्हेत.

ही दोन दुखणी एकमेकांना धरून चालतात. उदास माणूस बरं वाटावं म्हणून पितो. दारू उतरल्यावर मन पहिल्याहून खाली जातं, म्हणून पुन्हा पितो. एकावरच उपचार केले तर दुसरं त्याला परत ओढून आणतं. डॉक्टरांना दोन्ही सांगायला हवं.

आता ती पुडी. तिच्यात काय असतं ते विकणारा सांगत नाही. काहींमध्ये डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असू शकते. हे औषध खरं आहे, डॉक्टर ते देतात. त्यामुळे दारू पचताना मधल्या टप्प्यावर तयार होणारं विष शरीरात साठतं. तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टर आधी तपासतात आणि त्याला स्पष्ट सांगून, त्याच्या संमतीनेच गोळी सुरू करतात. बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे धोका राहतो. ज्याला हे माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार. आणि या गोळीने उदासीही जात नाही, ओढही जात नाही. ती फक्त धाक घालते. ओढ कमी करणारी औषधं वेगळी आहेत, तीही डॉक्टरच्याच हातची.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. १४४१६ या टेलीमानसच्या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. नवरा यायला तयार नसेल तर पहिला फोन तुम्ही एकटीने केलात तरी चालतो. फोनवर सांगा, तो किती वर्षं पितो, रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का. आणि तुमची स्वतःची झोप कशी आहे, तेही सांगा.