शेततळ्याच्या पाण्याचा सामू व रंगदर्शक द्रव्ये

हळदीचा डाग पडलेल्या कपड्यास साबण लावताच तो डाग तांबडा होतो व कपडा पुष्कळ पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळा दिसू लागतो, हा अनुभव घरोघरी आहे. हळदीस चुन्याची जोड मिळाली म्हणजे कुंकवाचा तांबडा रंग येतो, तोही याच कारणाने. पाण्याची आम्लता अथवा विम्लता पाहण्याकरिता जी रंगदर्शक द्रव्ये वापरतात, त्यांचे सारे तत्त्व या घरगुती अनुभवात आलेले आहे. त्या द्रव्यांची मर्यादाही त्यातच आहे, पण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

आम्लतेचे मोजमाप सामू या अंकाने सांगतात. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने घालून दिली. सामू ७ असलेले पाणी उदासीन, त्याखाली आम्ल व त्यावर विम्ल समजावे. यातील एका अंकाचा फरक लहान नव्हे. तो दहापटीचा फरक होय.

दर्शक द्रव्य हे स्वतः एक सौम्य आम्ल असते. त्याच्या रेणूशी हायड्रोजनचा कण जोडलेला असताना त्याचा रंग एक, व तो सुटून गेल्यावर दुसरा. फिनॉल रेड हे द्रव्य पहिल्या स्थितीत पिवळे व दुसऱ्या स्थितीत तांबडे असते. दोहोंचे मिश्रण नारिंगी दिसते. परंतु एका जातीचे रेणू दुसऱ्याच्या सुमारे दसपट झाले की डोळ्यास फक्त त्यांचाच रंग दिसतो. म्हणून कोणतेही दर्शक सामूच्या साधारण दोन अंकांच्या आतच बोलते. फिनॉल रेडची ही कक्षा सुमारे ६.८ ते ८.२ आहे.

पोहण्याच्या तलावातील पाणी ७.२ ते ७.८ या सामूवर राखावयाचे असल्याने तेथे फिनॉल रेड पुरेसे होते, व त्या तलावांसाठी विकल्या जाणाऱ्या तपासणी-पेट्यांत बहुधा तेच असते. हीच पेटी शेततळ्यातील मत्स्यपालनास वापरली म्हणजे मात्र घोटाळा होतो. शेततळ्याचे हिरवट पाणी सूक्ष्म शेवाळाने भरलेले असते. पाण्यात विरघळलेल्या कर्बाम्ल वायूमुळे त्यात थोडी आम्लता असते. उन्हात शेवाळ तो वायू खाऊन टाकते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. रात्री शेवाळ, मासे व गाळ सारेच श्वसन करतात, वायू पुन्हा साठतो व पहाटे सामू सर्वांत खाली येतो. फिनॉल रेड ८.२ ला जितके तांबडे दिसते तितकेच ९.५ लाही दिसते. पट्टीवरील शेवटच्या रंगाचा अर्थ ‘८.२’ असा नसून ‘८.२ किंवा त्याहून कितीही अधिक’ असा करावयास हवा.

या चुकीची किंमत रोहू-कटल्यांना द्यावी लागते. खाद्य व विष्ठा यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग २५ अंश सेल्सिअस तपमानास सामू ७ असताना जेमतेम अर्धा टक्का, ८ असताना सुमारे ५ टक्के व ९ असताना ३६ टक्क्यांच्या आसपास असतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की पाणी ‘बिघडले’ म्हणून चुना टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पाणी आधीच विम्ल असेल तर हा उपाय माशांवर विषप्रयोग करण्यासारखाच ठरतो. पहाटे मासे वर येत असतील तर दोष बहुधा प्राणवायूच्या तुटीचा असतो. तेथे ताजे पाणी व हवा द्यावी, चुन्याचे काम नाही.

तपासणी पहाटे व दुपारी, अशी दोन वेळा करावी. दुपारच्या पाण्यास थायमॉल ब्ल्यू वापरावे. ते सुमारे ८ ते ९.६ या कक्षेत पिवळ्याचे निळे होते. पहाटेच्या पाण्यास ६.० ते ७.६ कक्षेचे ब्रोमोथायमॉल ब्ल्यू उपयोगी पडते. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून हातभर खोलीवर काठोकाठ भरावी, तेथेच बूच लावावे व तळ्यावरच तपासणी उरकावी. नमुना घरी नेऊन ठेवला तर वायूचे प्रमाण बदलते व सामूही बदलतो. नळीच्या तोंडावर बोट धरून ती हलवू नये. घामाने निष्कर्ष बिघडतो. थेंब सांगितले असतील तेवढेच घालावेत. पाणी हिरवे असल्यास रंगपट्टीच्या मागे त्याच पाण्याची दर्शक न घातलेली नळी धरून तुलना करावी, व ती सावलीत, पांढऱ्या कागदासमोर करावी.

ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात दर्शकाचा रंग उडतो किंवा त्यास भलतीच जांभळट छटा येते. छायाचित्रकार वापरतात त्या हायपोचा बारीकसा खडा नमुन्यात आधी विरघळवल्यास क्लोरीन नाहीसा होतो.

पहाटेचा सामू ६.५ च्या खाली सतत आढळला तरच चुनखडीची भुकटी देण्याचा विचार करावा. मासे असलेल्या तळ्यात कळीचा चुना टाकू नये. दुपारचा सामू ९ च्या वर जात असल्यास खाद्य थांबवून काही पाणी काढावे व विहिरीचे ताजे पाणी सोडावे. दोन्ही वेळचे अंक तारखेसह वहीत लिहावेत, आणि चुन्याची गोणी उघडण्यापूर्वी ती वही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास दाखवावी.